‘सिस्टर, ही माझी गोळी नाही’: मनोरुग्णालयातल्या औषधाच्या ट्रॉलीची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलल्यासारखाच ठेवलाय, फक्त माझं खोकणं आणि मागून आलेला रिक्षाचा हॉर्न तेवढा काढलाय.

आजची गोष्ट घरातून सुरू करतो. माझी मोठी आत्या काही वर्षांपूर्वी मानसिक आजारासाठी महिनाभर एका दवाखान्यात होती. कुठल्या, ते सांगत नाही. एका रात्री सिस्टरने तिच्या तळहातावर गोळी ठेवली. आत्या म्हणाली, “सिस्टर, ही माझी गोळी नाही.” सिस्टर म्हणाल्या, “तुमचीच आहे काकू, घ्या पटकन, अजून अर्धा वॉर्ड बाकी आहे.” आत्याने गोळी तोंडात टाकल्यासारखं केलं, पण हात बंदच ठेवला. ते कुणाच्या तरी लक्षात आलं आणि केस पेपरवर नोंद झाली: रुग्ण औषध नाकारते, संशय घेते.

‘संशय घेते’ हे शब्द नीट बघा. तुम्ही-आम्ही ताप आला म्हणून ॲडमिट असतो आणि “ही गोळी माझी नाही” म्हणालो असतो, तर सिस्टरने परत कागद तपासला असता. आत्याने तेच म्हटलं, तर ते तिच्या आजाराचं लक्षण ठरलं. आजच्या भागात सांगायचं आहे ते एवढंच. चुकीची गोळी कुठल्याही दवाखान्यात दिली जाऊ शकते. पण बाकी दवाखान्यांत ती पकडणारा एक माणूस नेहमी हजर असतो, तो म्हणजे खुद्द रुग्ण. मनोरुग्णालयात त्याचाच शब्द आपण मोजत नाही. मग उरतात नातेवाईक, आणि उरते नर्स. हे दोघं तिथे किती असायचे आणि किती असतात, त्याचा हा इतिहास.

सुरुवात आपल्या शेजारून, जालन्यापासून. आपण मराठवाड्याची माणसं कुणाची टर उडवायची असली की “याला येरवड्याला पाठवा” म्हणतो. मुंबईकडचे “ठाण्याला पाठवा” म्हणतात. पण निजामाच्या काळात हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय बराच काळ आपल्या जालन्यात होतं. १९५०च्या दशकात ते हैदराबादच्या एर्रागड्ड्याला गेलं. पुढे १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण संस्थानाचं ते रुग्णालय तर तिकडेच राहिलं. आता राज्यात चार मोठी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: नागपूर १८६४चं, रत्नागिरी १८८६चं, ठाणे १९०१चं आणि पुण्याचं येरवडा. चारांपैकी एकही मराठवाड्यात नाही. जालन्यात ३६५ खाटांचं नवं मनोरुग्णालय मंजूर झालंय. म्हणजे गाडी फिरून फिरून पुन्हा जालन्याच्याच स्टेशनात.

हे मी नुसता भूगोल म्हणून सांगत नाहीये. आपल्याकडे दवाखान्यात रुग्णासोबत कोण असतं? घाटीच्या कुठल्याही वॉर्डात संध्याकाळी चक्कर मारा. प्रत्येक खाटेपाशी कुणीतरी बसलेलं असतं. डबा, पाण्याची बाटली, आणि खाली चटई. तीच व्यक्ती सिस्टरला विचारते, “सकाळी लाल होती, आता पिवळी का दिली?” कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नसली तरी ही आपल्या दवाखान्यांतली तपासणीची सर्वात जुनी पद्धत आहे. आता पेशंट इथून येरवड्याला नेला, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. घरचे किती दिवस राहणार? मजुरी बुडते, एसटीचं भाडं, राहायची सोय नाही. महिन्यातून एकदा येतात, मग सणाला, मग तेही नाही. अंतर वाढलं की ‘पिवळी का दिली’ विचारणारा माणूस गेला. औषधाच्या चुकीचा आणि नकाशाचा असा थेट संबंध आहे.

अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५०च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी याच्या बरोबर उलट केलं होतं. आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना सोबत राहायला बोलावलं. जागा आणि माणसं कमी होती, हे त्यामागचं कारणच होतं. पण रुग्ण लवकर बरे होऊन घरी जायला लागले. आज जनरल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात नातेवाईक सोबत थांबतात, त्याची एक मुळी त्या तंबूंत आहे.

बरं, त्या काळी ट्रॉलीवर असायचं काय? गोळ्या फारशा नव्हत्याच. बाटल्या होत्या. ब्रोमाइड, क्लोरल हायड्रेट, आणि पॅराल्डिहाइड. पॅराल्डिहाइडला असा उग्र वास की एकाला दिलं तर अख्खा वॉर्ड घमघमायचा. हे सगळं कशासाठी? माणूस शांत व्हावा, झोपावा म्हणून. बरा व्हावा ही अपेक्षा नव्हती. तेव्हा वॉर्ड सांभाळायचे ते मुख्यतः अटेंडंट. आजही आपण वॉर्डबॉयला ‘मामा’ आणि आयाला ‘मावशी’ म्हणतो, ते नातं प्रेमाचं आहे. पण जुन्या काळातल्या अटेंडंटचं काम म्हणजे जवळपास पहारेकऱ्याचं. १९४६च्या भोर समितीसाठी रांचीच्या कर्नल टेलर यांनी देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी केली. त्यात सर्वात वाईट ठरलेल्या चार-पाच नावांत आपलं ठाणं होतं आणि नागपूरही होतं. त्यांना तिथे तुरुंगाची कळा दिसली आणि ती नव्याने बांधा असं त्यांनी सुचवलं. जिथे इमारतच डांबून ठेवायला बांधलीय, तिथे औषधसुद्धा कुलपासारखंच वापरलं जाणार ना?

मग १९४९ ते १९५४ या पाच वर्षांत सगळंच बदललं. १९४९ला मेलबर्नमध्ये जॉन केड यांनी लिथियमने उन्मादाचे रुग्ण सुधारतात असं दाखवलं. त्याच १९४९ला मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. हे नाव शाळेत आपल्याला कुणी शिकवत नाही, खरं तर शिकवायला हवं. सर्पगंधा मानसिक आजारात उपयोगी पडते, असं त्याआधी १९३१ला कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी लिहिलं होतंच. त्यातूनच पुढे रेसरपीन आलं. आणि १९५२ला पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं. कितीतरी वर्षं कोपऱ्यात बसून असलेली माणसं बोलायला लागली, घरी गेली. हा खराखुरा चमत्कार होता, त्यात मला काही शंका घ्यायची नाही.

पण ट्रॉलीवरचं काम त्या दिवसापासून अवघड झालं. पॅराल्डिहाइड वासावरून ओळखू यायचं. आता समोर आल्या बारीक बारीक गोळ्या, बहुतेक पांढऱ्या, आणि एकसारखी नावं. माझं सर्वात आवडतं, म्हणजे सर्वात भीतीदायक, उदाहरण सांगतो. क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड. मोठ्याने म्हणून बघा. पहिलं मनोविकाराचं. दुसरं १९५०च्या दशकाच्या शेवटी आलेलं मधुमेहाचं, साखर उतरवणारं. या दोन नावांची गफलत जगभरात नोंदलेली आहे. आता विचार करा, ज्याला मधुमेह नाही अशा माणसाला ती साखरेची गोळी गेली. साखर खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो, चिडतो, असंबद्ध बोलतो. आणि हे औषध शरीरात दीड-दोन दिवस टिकतं. जनरल वॉर्डात कुणीतरी लगेच बोटाला सुई टोचून साखर तपासेल. मनोरुग्णालयात काय म्हणतील? “याचा आजार वाढला, एक इंजेक्शन द्या.”

चुकीच्या गोळीचा परिणाम आणि आजार, दोन्ही सारखेच दिसतात. या क्षेत्रातली खरी मेख ती आहे.

बरोबर गोळीतही हा घोळ होतो. हॅलोपेरिडॉल १९५८ला आलं. ते आणि त्याच्या जातीची औषधं काही जणांना अशी बेचैनी देतात की एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात, माणूस रात्रभर वॉर्डात येरझाऱ्या घालतो. अनुभव नसलेल्या माणसाला वाटतं, हा अजून भडकलाय. डोस वाढतो, बेचैनी वाढते, परत डोस वाढतो. हे चक्र तोडायला कुणी लागतं? ज्याने त्याला गेले आठ दिवस रोज पाहिलंय, ज्याला आठवतं की हा सोमवारी असा चालत नव्हता. डॉक्टर राउंडला पाच मिनिटं येतात. ते बघणारी नर्सच असते.

आणि लिथियम! आपल्या मराठवाड्याच्या माणसांनी हे कान देऊन ऐका. लिथियमचं रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.२ च्या मध्ये असलं तर औषध, १.५ च्या पुढे गेलं की विष. मध्ये जागा किती, तर एवढीशी. मे महिन्यात ४२-४३ अंशाला अंगातलं पाणी घामावाटे गेलं, जुलाब झाले, किंवा गुडघा दुखतोय म्हणून कुणी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक दिलं, की तीच रोजची गोळी तोच डोस असूनही जास्त होऊ शकते. लक्षणं काय? हात थरथरणं, उलटी, जीभ जड, दारू प्यायल्यासारखी चाल. लोकांना वाटतं, हा नाटक करतोय. जॉन केड यांनी ज्या पहिल्या रुग्णाला लिथियमने बरं केलं, तो पुढे १९५०ला लिथियमच्याच विषबाधेने गेला. जगातला पहिला यशस्वी रुग्ण आणि तोच बळी. त्यानंतर रक्ततपासणीची शिस्त बसायला बरीच वर्षं गेली.

(इथे एक थांबा. हा भाग ऐकून कुणीही आपली किंवा घरच्यांची गोळी परस्पर बंद करायची नाही. अचानक बंद केल्याने जास्त वाईट होतं. शंका आली तर स्ट्रिप हातात घेऊन डॉक्टरांकडे जा, किंवा टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर बोला. मराठीत बोलतात. चला पुढे.)

आता येतो पर्यवेक्षणाकडे. सरकारी दवाखान्यात नर्सिंगची उतरंड अशी असते: अधिपरिचारिका, म्हणजे आपली स्टाफ नर्स. तिच्यावर परिसेविका, म्हणजे वॉर्डची सिस्टर इन्चार्ज. आणि सगळ्यांवर अधिसेविका, मेट्रन. ट्रॉलीच्या फेरीला शिकवलेली पाच सूत्रं असतात: बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. नवी मुलगी ती पाळते की नाही, हे बघायचं काम परिसेविकेचं.

पहिलंच सूत्र घ्या, बरोबर रुग्ण. मोठ्या मनोरुग्णालयात सगळ्यांचे कपडे सारखे. केसही सारखेच कापलेले. मनगटावर नावाची पट्टी बांधली तर काही जण काढून टाकतात. रस्त्यावरून पोलिसांनी आणलेले काही जण आपलं नावच सांगू शकत नाहीत, कागदावर ‘अनोळखी’ असतात. काही जण कुठल्याही नावाला “हो” म्हणतात. मग सिस्टर ओळखते ती चेहऱ्यावरून. पाच वर्षं त्याच वॉर्डात असलेली सिस्टर चुकत नाही. पण ती रजेवर गेली आणि दुसऱ्या वॉर्डची बदली सिस्टर आली, की अख्खी यंत्रणा एका दिवसात कोरी पाटी होते. मला वाटतं, आपण ‘अनुभव’ म्हणतो ना, तो इथे अक्षरशः सुरक्षेचं उपकरण असतो. आणि बदल्यांचे आदेश काढताना तो कुणी मोजत नाही.

मग माणसं किती? १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली १९९०ला जे नियम झाले, त्यात दहा रुग्णांमागे एक स्टाफ नर्स आणि पाच रुग्णांमागे एक अटेंडंट असं प्रमाण होतं. ऐकायला झकास. पण गणित करू. ५० खाटांचा वॉर्ड, म्हणजे ५ नर्स. दिवसाच्या तीन पाळ्या, प्रत्येकीची साप्ताहिक सुट्टी, नाईटनंतरची सुट्टी, कुणाची बाळंतपणाची रजा. रात्री वॉर्डात उरते एक. एका नर्सवर ५० माणसं, आणि हे नियम पूर्ण पाळले तर! जागा रिकाम्या असतील तर विचारायलाच नको. प्रत्येकाला दिवसाच्या एका फेरीत तीन गोळ्या धरल्या तर १५० गोळ्या. नाव विचारायचं, कागद बघायचा, गोळी द्यायची, पाणी द्यायचं, तोंड उघडून जीभ उचलायला लावायची, कारण काही जण गोळी गालात ठेवून नंतर थुंकतात. माणशी दोन मिनिटं म्हटली तरी जवळपास पावणेदोन तास. मध्ये एकाला फिट आली, दोघांची मारामारी झाली, फोन वाजला. आणि परिसेविका? ती बऱ्याचदा चादरी, थर्मामीटर आणि कुप्यांचा हिशेब जुळवत असते, कारण हरवलेल्या चादरीचा जाब नक्की विचारला जातो. चुकलेल्या गोळीचा जाब तेव्हाच, जेव्हा कुणी मरतं.

मग काय होतं? मदतीला ‘चांगला’ रुग्ण घेतला जातो. जो बरा आहे, सांगितलेलं ऐकतो, तो पाणी देतो, नावं पुकारतो, कधी गोळ्याही वाटतो. जगभरातल्या जुन्या मनोरुग्णालयांचा हा रिवाज. त्याचं टोक अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या सेलम इथे गाठलं गेलं. १८ नोव्हेंबर १९४२. युद्धामुळे माणसं कमी. संध्याकाळच्या जेवणात अंड्याची भुर्जी होती. स्वयंपाक्याच्या मदतनिसाने एका रुग्णालाच तळघरातून दुधाची पावडर आणायला पाठवलं. त्याने आणली ती झुरळं मारायची पावडर, सोडियम फ्लोराइड. साडेचारशेहून जास्त लोक आजारी पडले, ४७ मेले. काही रुग्ण म्हणत होते, चव खारट लागतेय, साबणासारखी लागतेय. एका वॉर्डातल्या नर्सने ते मनावर घेतलं, स्वतः चाखून बघितलं आणि आपल्या वॉर्डातलं जेवण तिथेच थांबवलं. तिच्या वॉर्डातली माणसं वाचली. तिने वेगळं काय केलं? फक्त चाखलं.

म्हणजे सगळा भार नर्सवर टाकून मोकळं व्हायचं का? नाही ना. मुंबईचं जे. जे. रुग्णालय आठवा, १९८६ची जानेवारी-फेब्रुवारी. हे मनोरुग्णालय नव्हे, पण महाराष्ट्रात औषधाच्या चुकीवर एवढी खोल चौकशी दुसरी झाली नसेल, म्हणून सांगतोय. मेंदूवरचा आणि डोळ्यांतला दाब कमी करायला रुग्णांना ग्लिसरॉल दिलं. रुग्ण बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर. बाटलीतच डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं, कारखान्यात वापरायच्या दर्जाचं. मूत्रपिंडं निकामी होऊन १४ जण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत, थेट मंत्रालयापर्यंत, सगळी साखळी उलगडली. पाचही सूत्रं पाळणारी नर्स तिथे काही करू शकत नव्हती. मला मात्र तो अहवाल आठवला की एक प्रश्न छळतो. जे. जे.मध्ये निदान कुणाच्या तरी लक्षात आलं की ही माणसं ज्या आजाराने आली, त्याने मरत नाहीयेत. तीच बाटली जर कुठल्या मनोरुग्णालयाच्या मागच्या वॉर्डात गेली असती, तर किती दिवसांनी कळलं असतं?

आणि चूक वरून आली तर नर्सने बोलायचं की नाही? सिडनीतल्या चेम्सफर्ड या खासगी रुग्णालयात १९६३ ते १९७९ रुग्णांना बार्बिट्युरेट देऊन दिवसच्या दिवस झोपवून ठेवायचे, ‘डीप स्लीप’ नावाने. २४ मृत्यूंचा संबंध त्या उपचाराशी जोडला गेला. औषध देणारे हात नर्सचेच होते, आदेश डॉक्टरचा होता. तिथल्याच एका नर्सने गुपचूप नोंदींच्या प्रती काढून बाहेर नेल्या, तेव्हा कुठे गोष्ट हलली. शाही आयोगाचा अहवाल यायला १९९० उजाडलं. आपल्याकडची मुलगी डॉक्टरांना “सर, हा डोस जास्त वाटतोय” म्हणेल का? म्हणाली तर तिच्या पाठीशी परिसेविका उभी राहील का? पर्यवेक्षण म्हणजे खरं तर हेच. चूक शोधून मेमो देणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. मेमोच्या भीतीने चुका लपतात. लपलेली चूक पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खाटेवर होते.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने एक गोष्ट मात्र कागदावर आणलीय. तो २९ मे २०१८पासून लागू आहे. रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला आजार काय, उपचार काय, दुष्परिणाम काय हे विचारायचा हक्क आहे, आपल्या नोंदी बघायचा हक्क आहे, आणि सेवेतल्या उणिवांची तक्रार करायचाही. म्हणजे “ही कुठली गोळी?” हा प्रश्न आता लक्षण राहिलेला नाही. निदान कायद्यात तरी नाही. त्याच २०१७ला जागतिक आरोग्य संघटनेने औषधांतून होणारी टाळता येणारी इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची मोहीम जाहीर केली. पाच वर्षं कधीच होऊन गेलीत.

आत्याचं काय झालं ते राहिलंच. तिने ती गोळी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती. सकाळी सिनिअर सिस्टर ड्युटीवर आल्या, त्यांनी रात्रीची नोंद वाचली आणि खाटेवर येऊन बसल्या. म्हणाल्या, “काकू, का नाही घेतली?” आत्याने गाठ सोडून दाखवली. सिस्टरनी गोळी, स्ट्रिप आणि केस पेपर शेजारी शेजारी ठेवून बघितलं. गोळी बाजूच्या खाटेवरच्या बाईची होती. त्यांनी आधी त्या बाईकडे धाव घेतली, तिला आत्याची गोळी गेली होती का ते बघायला. मग केस पेपरवरची ती ओळ स्वतः खोडून सही केली.

परवा मी आत्याला विचारलं, “तुला कसं कळलं गं, ती तुझी नाही ते?” ती भाजी निवडत होती. म्हणाली, “माझ्या गोळीला मधोमध रेघ असते.”

तुमच्यापैकी कुणी नर्सिंग करत असेल, जीएनएम किंवा बीएस्सी, मानसोपचार वॉर्डात पोस्टिंग झालं असेल, तर रात्रपाळीत किती रुग्णांना एकटीने गोळ्या दिल्या ते व्हॉइस नोट करून पाठवा. नाव आणि दवाखाना सांगू नका. पुढचा भाग त्यावरच करू.